शर्मिलाबाईंच्या दोन फायली

शर्मिलाबाई आमच्याकडे सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी येतात. अकरा वर्षांत ही वेळ फार तर पाच मिनिटं इकडे-तिकडे झाली असेल. दाराबाहेर चपला काढायच्या, मोरीत कोपरापर्यंत हात धुवायचे आणि कापडी पिशवीतून स्वतःचं लाटणं बाहेर काढायचं. सदाशिव पेठेतल्या सात घरी त्या पोळ्या करत आणि सातही घरी हे एकच लाटणं जात असे. दुसऱ्याच्या लाटण्यानं पोळीची कड जाड राहते, असं त्यांचं म्हणणं.

"आमचं लाटणं काय वाईट आहे हो?" माझ्या पत्नीनं, नीरजानं, पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"वाईट नाही काकू. पापडाला चांगलंय."

पेठेत अकरा वर्षं टिकायला एवढी जीभ पुरते.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात अधीक्षक आहे. येत्या मे महिन्यात निवृत्त होईन. बी.कॉम. झाल्यापासून कागद जागच्या जागी ठेवणं हेच माझं काम. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे झालं त्यात या सवयीचा हात आहे.

शर्मिलाबाईंचं माहेर भोरच्या बाजूचं. शिक्षण नववी. नवरा पुण्यात नारायण पेठेतल्या एका छापखान्यात पुस्तकं बांधायचा. पहिल्या बाळंतपणाला त्या गावी गेल्या आणि घरीच मोकळ्या झाल्या. त्यामुळे दवाखान्यात गरोदर बाईचं जे रक्त तपासतात ते कुणी तपासलंच नाही. मुलगी झाली, निकिता. ती दीड वर्षाची असताना नवरा खोकल्यानं अंथरुणाला खिळला. तेव्हा तिघांचं रक्त तपासलं आणि तिघांनाही एचआयव्ही निघाला. नवरा दोन महिन्यांत गेला. सासरच्यांना 'टीबी' सांगितलं. मग मुलीला घेऊन त्या दांडेकर पुलाजवळ एका खोलीत राहायला आल्या आणि पोळ्या करू लागल्या.

यातलं काही आम्हाला पहिली तीन वर्षं माहीत नव्हतं. २०१७ च्या अखेरीस निकिताच्या पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज भरायला त्या कागदांची पिशवी घेऊन आल्या. मी ती टेबलावर उलटी केली. जन्मदाखला, रेशनकार्ड, वीजबिल आणि त्यांच्यामध्ये एआरटी केंद्राची छोटी वही. एचआयव्हीच्या गोळ्या सरकारी केंद्रातून मिळतात, त्याची ती वही. त्यावर आई आणि मुलगी, दोघींची नावं.

शर्मिलाबाईंनी वही उचलली नाही. म्हणाल्या, "उद्यापासून येऊ का नको, तेवढं सांगा."

नीरजा ओट्यापाशी होती. तिनं हात पुसले, वही पाहिली, मिटून परत ठेवली.

"उद्या जरा लवकर या," ती म्हणाली. "पाहुणे आहेत. दहा पोळ्या जास्त लागतील."

त्या गेल्यावर तिनं मला विचारलं, "पोळीतून नाही ना होत?"

"नाही."

"माहितेय मला. विचारलं फक्त."

पुढे तो विषय आमच्या घरात बंद झाला आणि घराबाहेर कधी गेला नाही.

शर्मिलाबाईंची भीती साधी होती. एका घराला कळलं की सातही घरांना कळणार. शाळेला कळलं की निकिताशेजारचा बाक रिकामा होणार. म्हणून निकिताच्या गोळ्यांना त्यांच्या घरात 'कॅल्शियम' म्हणत. केंद्रातून आणलेल्या गोळ्या त्या कॅल्शियमच्या जुन्या डबीत ओतून ठेवत. निकितालाही तेच माहीत होतं. शेजारीण बसलेली असली तरी ती बिनधास्त ओरडायची, "आई, कॅल्शियमची वेळ झाली!" केंद्रातल्या समुपदेशक बाई सांगत होत्या की मुलगी दहा वर्षांची झाली, आता हळूहळू खरं सांगायला हवं. शर्मिलाबाई म्हणायच्या, "सहावी होऊ दे. सातवी होऊ दे."

आणि फायली मी करून दिल्या. निळी फाईल एआरटी केंद्राची. पिवळी फाईल बाकी सगळ्याची: शाळा, लसी, ताप, दात. दोन्हींत पहिल्या पानावर अनुक्रमणिका, प्रत्येक कागदाला नंबर. एक नियमही मी घालून दिला. दोन्ही फायली एका पिशवीतून कधी न्यायच्या नाहीत. निळी तिकडे, पिवळी इकडे. एकदा पिशवी उलटी झाली तेवढं पुरे.

"काका, तुम्ही तर पक्कं कुलूपच लावलंत," त्या खुशीत म्हणाल्या होत्या. मलाही तेव्हा बरं वाटलं होतं.

१५ जुलै २०२३, शनिवार. निकिता सहावीत होती. शाळेत प्रार्थनेला उभी असताना खाली पडली, हातपाय झटकले, तोंडाला फेस आला. शर्मिलाबाईंनी शाळेतूनच मला फोन केला. सोमवारी आम्ही तिघं पेठेतल्या एका दवाखान्यात गेलो. मी पिवळी फाईल घेतली होती.

डॉक्टर शांत स्वभावाचे होते. निकिताशी क्रिकेटवर बोलले, गुडघ्यावर हातोडी मारून तिला हसवलं. मग शर्मिलाबाईंना विचारलं, "दुसरी कुठली औषधं चालू आहेत?"

त्याच खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर नोंदी करणारी मुलगी बसली होती. ती शर्मिलाबाईंच्या मागच्या गल्लीत राहायची. आल्या आल्या तिनं निकिताला ओळख दिली होती. आणि निकिता स्वतः तिथे बसलेली होती, पाय हलवत.

"कॅल्शियमच्या गोळ्या," शर्मिलाबाई म्हणाल्या.

"चालेल. त्या चालू ठेवा."

मी मांडीवरची फाईल सरळ केली.

जिन्यात त्यांनी मला विचारलं, "बरोबर बोलले ना, काका?"

"बरोबर," मी म्हणालो.

डॉक्टरांना दुपारी मला एकट्यानं फोन करता आला असता. त्यांचा नंबर चिठ्ठीवरच छापलेला होता. मी ती चिठ्ठी पिवळ्या फायलीत लावली आणि तिला चौतीस नंबर दिला.

फिटच्या गोळीचा गुण आला. पुन्हा फिट आली नाही. एआरटी केंद्रात दर महिन्याला "तब्येत कशी?" असं विचारायचे, शर्मिलाबाई "चांगली" म्हणायच्या. मी एकदा म्हणालो, तिथे फिटचं सांगितलंत का? त्या म्हणाल्या, "तिकडं पिवळ्या फायलीतलं कशाला? परत सगळ्या तपासण्या लावतील, शाळा बुडेल." नियम माझाच होता.

दिवाळीच्या सुट्टीत निकिता आईबरोबर आमच्याकडे यायची. नीरजा तिला पोहे द्यायची. एक दिवस निकितानं बशीतले निम्मेच पोहे खाल्ले. उजवीकडचे. मधोमध रेघ मारल्यासारखे.

"उरलेले कोणासाठी ठेवलेस गं?" नीरजानं विचारलं.

"संपले काकू."

"संपले कुठे?"

नीरजानं बशी फिरवून तिच्यापुढे ठेवली. निकितानं राहिलेले पोहे चटकन खाल्ले आणि म्हणाली, "आणखी दिलेत? थँक्यू."

आम्ही हसलो. हे मी लिहून ठेवतो, कारण तेव्हा आम्ही खरंच हसलो.

तिसऱ्या मजल्यावरच्या अस्मिताताईंकडेही शर्मिलाबाई पोळ्या करत. त्यांना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "वय असतं हो ते. आमची वल्लरी दहावीपर्यंत निम्मं पोटात आणि निम्मं ताटात ठेवून उठायची."

मग निकिताचं अक्षर उतरायला लागलं. वहीचं डावीकडचं निम्मं पान ती कोरं सोडायची. वर्गाच्या बाईंनी शेरा मारला, 'कागद वाया घालवू नये'. मग डावा पाय ओढायला लागली. चप्पल पायातून निसटायची आणि तिला कळायचं नाही. शर्मिलाबाईंनी त्याला आधी आळस म्हटलं, मग बुटांचा दोष म्हटलं, मग काहीच म्हणेनाशा झाल्या.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी निकिता आमच्या स्वयंपाकघरात खाली बसली होती. आई लाटत होती.

"आई, कॅल्शियम हाडांसाठी असतं ना?"

"असतं की."

"शास्त्राच्या पुस्तकात आहे. मी तर पहिलीपासून खाते. मग माझाच पाय का असा?"

लाटणं थांबलं. एवढ्या वर्षांत पोळी अर्धी असताना ते थांबलेलं मी पाहिलं नव्हतं.

"रोज घेतेस ना?"

"रोजच घेते. तूच देतेस ना."

"मग होईल बरा."

लाटणं पुन्हा सुरू झालं. नीरजानं माझ्याकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला. गॅस बारीकच होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात निकिता शाळेच्या जिन्यावरून पडली. या वेळी फिट नव्हती. डावा पाय पायरीवर टेकलाच नाही. १४ मार्चला आम्ही मोठ्या रुग्णालयात गेलो, मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे. दारात शर्मिलाबाईंनी पिशवी उघडली तेव्हा मला दोन्ही फायली एकत्र दिसल्या. मी तसं सुचवलं नव्हतं. माझा नियम त्यांनी मोडला. मी नाही.

डॉ. मिसबा तांबोळी चाळिशीच्या असतील. त्यांनी निकिताला नर्सबरोबर बाहेर पाठवलं. पिवळी फाईल वाचली, मग निळी. मग दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढून टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली.

"फायली फार व्यवस्थित आहेत," त्या म्हणाल्या.

"काकांनी करून दिल्यात," शर्मिलाबाई म्हणाल्या. अजूनही कौतुकानंच.

"फिटची गोळी देणाऱ्यांना ही निळी फाईल दाखवली होती?"

"नाही."

"आणि एआरटी केंद्रात ही पिवळी?"

शर्मिलाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"दोन्ही गोळ्या एकत्र किती दिवस चालल्या?"

मी उत्तर दिलं. "सतरा जुलैपासून. दोनशे एक्केचाळीस दिवस."

डॉक्टरांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग शर्मिलाबाईंना समजेल अशा शब्दांत सांगायला लागल्या. फिटच्या काही गोळ्यांमुळे शरीर दुसरं औषध फार लवकर बाहेर टाकतं. निकिता एचआयव्हीची गोळी रोज गिळत होती, पण तिचं बळ अंगाला पुरेसं लागत नव्हतं. ही फिटची गोळी तशातलीच आहे. केंद्राला कळलं असतं तर त्यांनी गोळी दिवसातून दोनदा केली असती, किंवा फिटचं औषध बदलायला सांगितलं असतं. जानेवारीत काढलेल्या रक्ताचा अहवाल नुकताच निळ्या फायलीत आला होता. विषाणू वाढला होता.

मग एमआरआय झाला, पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, ते तपासायला पाठवलं. आठवड्यानं आजाराचं नाव कळलं. नाव लांबलचक आहे, ते मी फायलीत लिहून ठेवलं आहे. बहुतेक माणसांच्या अंगात एक साधा विषाणू निपचित पडलेला असतो. प्रतिकारशक्ती फार खाली गेली की क्वचित कधी तो जागा होतो आणि मेंदूतला पांढरा भाग कुरतडत जातो. एचआयव्ही असलेल्या मोठ्या माणसांत हा आजार कधीतरी दिसतो. मुलांत अगदीच विरळा. डॉ. मिसबांनी सगळ्या नोकरीत मुलांमधली ही दुसरीच केस पाहिली होती.

"त्याच्यावर थेट औषध नाही," त्या म्हणाल्या.

"थेट नसंल तर आडवाटेचं द्या, बाई."

"आडवाटेचंच देतोय, ताई. फिटची गोळी बदलली. तिची ती गोळी आता दोन वेळा. अंगातली ताकद वाढली तर आजार थांबेल. जे गेलंय ते परत येईल असं मी म्हणत नाही. आणि ताकद परत येताना आधी आणखी बिघडूही शकतं. घाबरू नका म्हणणार नाही मी. तयारी ठेवा."

शर्मिलाबाईंनी पदर तोंडाशी धरला. मग विचारलं, "तेव्हाच सांगितलं असतं तर?"

खोलीत पंखा चालू होता. त्या उत्तराची वाट मीही त्यांच्याइतकीच पाहत होतो.

"सांगता येत नाही," डॉ. मिसबा म्हणाल्या. "पहिली फिटच कदाचित या आजाराची सुरुवात असेल. मग तेव्हा सांगूनही हेच झालं असतं. किंवा नसतं झालं. मला खरंच सांगता येणार नाही."

बाहेर आल्यावर शर्मिलाबाई माझ्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "काका, रिक्षा मिळते का बघा. तिला बसवत नाही."

डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं. रक्तातला विषाणू उतरत गेला, अहवाल सुधारत गेले आणि मुलगी बिघडत गेली. एप्रिलमध्ये चालणं गेलं. मे महिन्यात शब्द इकडचे तिकडे व्हायला लागले. पाणी हवं असलं की 'दार' म्हणायची आणि आपण दार लावलं की रडायची. जूनमध्ये सगळ्याला एकच शब्द उरला, 'आई'. तहान लागली, आई. पंखा हवा, आई. नीरजा भेटायला गेली तर तिलाही आई. नीरजा घरी येऊन तांदूळ निवडत बसली. ते आधीच निवडलेले होते.

जुलैत तोही शब्द गेला.

त्यानंतर शर्मिलाबाईंनी तिला खरं सांगितलं. ते मी ऐकलेलं नाही, त्यांनीच मला सांगितलं. तिच्या उशाशी बसून पहिल्यापासून सांगितलं: तिचे बाबा, भोरचं बाळंतपण, डबी.

"कॅल्शियम नव्हतं ते, असं सांगितलं काका. माफी पण मागितली. तिनं माझ्याकडं बघितलं. डोळा हलला. पण कळलं का, कसं ओळखायचं? दोन वर्षं केंद्रातल्या त्या बाई मागं लागल्या होत्या. तेव्हा विचारलं असतं तिनं काहीतरी. भांडली असती माझ्याशी."

भांडली असती, हे त्या दोनदा म्हणाल्या.

ऑगस्टमध्ये त्या सातही घरी स्वतः जाऊन सांगून आल्या, मुलीला काय झालंय आणि आपल्यालाही काय आहे. मी म्हणालो, याची गरज नाही, कायद्यानंही नाही. त्या म्हणाल्या, "आता कुणासाठी लपवू?" नीरजानं दुसऱ्या दिवशीच्या पोळ्यांचा आकडा सांगितला. चार घरांनी काम बंद केलं. कुणी वाईट बोललं नाही. पेठेत वाईट बोलत नाहीत. अस्मिताताईंना डॉक्टरांनी गहू बंद करायला सांगितला. पुढच्याच सोमवारपासून त्यांच्या दारात पोळी-भाजीचा डबा यायला लागला.

"गहू बंद झालाय म्हणं त्यांचा," शर्मिलाबाई कणीक तिंबत म्हणाल्या. "देव लवकर बरं करो."

आता २०२५ आहे. निकिता तेरा वर्षांची आहे. आजार थांबला आहे. गेलेलं काही परत आलेलं नाही. शर्मिलाबाई तीन घरी जातात, तेवढ्या वेळात शेजारीण मुलीकडे बघते.

मागच्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. अपंगत्वाच्या दाखल्याचे कागद द्यायचे होते, आणि मी दोन्ही फायली सुट्या करून सगळ्याची एक फाईल केली होती. तारखांप्रमाणे लावलेली, दोन्ही गोळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच पानावर. मी ती पुढे केली.

"ठेवा तिथं," त्या म्हणाल्या. उघडून पाहिली नाही.

आठ वाजले होते. खोलीचं दार सताड उघडं होतं. समोरच्या नळावर बायका पाणी भरत होत्या. शर्मिलाबाईंनी गोळी चमच्यात पाण्यात विरघळवली, निकिताची मान हातावर घेतली आणि नळापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "निकी, एचआयव्हीची गोळी आहे. आ कर बाळा."

नळावरच्या एका बाईनं वळून पाहिलं आणि पुन्हा हंड्याकडे तोंड केलं.

निकितानं तोंड उघडलं नाही. शर्मिलाबाई चमचा धरून थांबल्या. थोड्या वेळानं ओठ जरासे सुटले. निम्मं औषध आत गेलं, निम्मं हनुवटीवरून खाली आलं. त्यांनी ते चमच्यानं निपटून परत दिलं. मी पाहत होतो. धरायला, पुसायला, आणून द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

"काका, तिकडं नका बसू," त्या मान न वळवता म्हणाल्या. "डावीकडचं तिला दिसत नाही. या बाजूला या."

मी उठून उजवीकडे गेलो. निकिताची नजर माझ्यावर येऊन थांबली आणि तिथेच राहिली. पहिलीचा अर्ज मी भरला तेव्हापासून ती मला काका म्हणायची. मी तिच्यासमोर तसाच उभा राहिलो.